बोटभर माणसांचा खेळ

नळदुर्ग, १२ जानेवारी १९५९, सोमवार

सोलापूरहून पिक्चरची पेटी आली. मागितलं होतं पौराणिक, आलं इंग्रजी. वितरकानं सांगून पाठवलं की यंदा सगळे देव गड्ड्याच्या यात्रेत गुंतलेत, शिल्लक आहे ते चालवा.

शिल्लक आहे ते असं : एका बेटावर एक शास्त्रज्ञ राहतो. त्याच्याकडं चार पाहुणे येतात. चहापाणी विचारायचं सोडून हा त्यांना काचेच्या खोलीत कोंडतो आणि धूर सोडतो. धूर निवळला की चौघं बोटाएवढी. मग तासभर ती त्याच्या स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून पळतात. कोंबडी मागं लागते, कात्री अंगावर कोसळते, काड्यापेटीच्या होडीतून बादली पार करावी लागते. शेवटी धुराचा अंमल उतरतो, चौघं वाढतात आणि शास्त्रज्ञाची मानगूट धरतात. माणूस लहान करायला साहेबाला एवढी यंत्रं लागली. आमच्याकडं त्याला एक अर्ज देऊन तहसिलीत पाठवला की काम होतं, आणि अंमलही उतरत नाही.

मशीन चालवणारा गोरोबा म्हणतो, सगळी सुताराची आणि कॅमेऱ्याची करामत आहे. खुर्ची घराएवढी बनवायची, माणूस तिच्यापुढं आपोआप बोटभर. कोंबडीचं पिक्चर आधी काढायचं, ते मोठ्या पडद्यावर मागून चालवायचं, पुढं माणसं पळवायची आणि दोन्हींचं मिळून पुन्हा पिक्चर काढायचं. नीट बघितलं तर कोंबडी आणि माणसं यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ थरथरते. मी बघितली. फसवणुकीत इतकी मेहनत असली की तिला कला म्हणतात. माझ्या धंद्यात नुसतीच फसवणूक आहे.

आता ही कला नळदुर्गात कळणार कुणाला? तर नबीलालला घेतलंय. कळंबचा पिंजारी, वय तिशीचं, उंचीनं माझ्या कमरेला लागतो आणि आवाजानं तंबूच्या शेंड्याला. इंग्रजी आवाज बारीक करायचा आणि यानं भोंग्यावरून मराठीत गोष्ट सांगायची. साहेब, मडम, कोंबडी, सगळ्यांचे आवाज हा एकटा काढतो.

आमच्या तंबूत पडदा मधोमध असतो, पाणी मारून ताणलेला. पुढं पुरुष, मागं बायका. पिक्चर दोन्हीकडून दिसतं. बायकांना उलटं दिसतं एवढंच. नबीलालला मी मागच्या बाजूला, कोपऱ्यात खोक्यावर बसवलंय. पुढं बसवला तर लोक पिक्चर सोडून त्याच्याकडं बघत राहतील. मागं ती भीती नाही. बायका माना खाली घालून बसतात.

मागच्या दारावर माझी बायको उमा असते. मी त्या बाजूला पाऊल टाकत नाही, तशी रीत आहे.

हे लिहून ठेवतोय, कारण तंबूत खरं बोलायला जागा नाही. बाहेर भोंगा आहे आणि आत गिऱ्हाईक.

१४ जानेवारी, संक्रांत

तीन दिवस तंबू पुढून अर्धा रिकामा. पुरुष येतात, कोंबडी येईपर्यंत शिट्ट्या मारतात, कोंबडी गेली की विडी प्यायला बाहेर. एकानं विचारलं, "शेट, हे खरं व्हय?" मी म्हटलं, खरं. "मंग त्यातला एक तरी दावा की."

मागची बाजू मात्र भरलेली. उलटं पिक्चर बघायला एवढी गर्दी का, ते कळत नाही. आणि नको तिथं हसतात. पडद्यावर साहेब त्या घराएवढ्या खुर्चीवर चढायला बघतो, घसरतो, मडम रडते, पुढची माणसं गप्प. आणि मागून बायकांच्या हसण्याचा लोंढा. उमाला विचारलं तर म्हणाली, "गंमत हाय म्हणून हसतात." बायकांना कला कळत नाही.

१७ जानेवारी

'त्यातला एक तरी दावा की' हे डोक्यातून जाईना. आज दावला.

सुताराकडून मोठी खुर्ची केली, पत्र्याची भली थोरली कात्री केली, दोन्ही बैलगाडीवर चढवून मध्ये नबीलालला बसवलं. गोरोबा पुढं डफ वाजवत ओरडतो : विलायतेच्या प्रयोगशाळेत सहा फुटाचा माणूस एवढा झाला, प्रत्यक्ष बघा, बाकीचे तंबूत.

नबीलाल आधी तयार नव्हता. "मालक, आवाज दिला तुमाला. अंग न्हाई दिलं."

मी म्हटलं, गर्दी झाली नाही तर इथल्या खंडोबाच्या यात्रेआधी तंबू उतरवावा लागेल, मग आवाज कुणाला देशील?

तो बैलांकडं वळला. म्हणाला, "बसतो. पर गाडीवर एक सबूद बोलणार न्हाई."

बोलला नाही. गावभर फिरून आला, नजर समोर, तोंड बंद. त्याचा फार परिणाम झाला. लोक म्हणाले, बिचाऱ्याची वाचाच गेली. संध्याकाळी पुढची बाजू तुडुंब. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं आणि जेवताना उमाला तसं बोललो. तिनं भाकरी वाढली आणि कन्नडात काहीतरी पुटपुटली. रागावली की ती कन्नडात शिरते. काय झालं असेल?

१९ जानेवारी, सोमवार

वाऱ्यानं पडदा फाटला. उमानं यात्रेत गाद्या-रजया शिवायला आलेल्या अणदूरच्या पिंजाऱ्यांतली एक बाई आणली. नूरुन्निसा नाव. पंचविशीची, दोन ठिकाणची स्थळं हिनंच नाकारली म्हणे. संगती तिची आत्या कुलसुमबी. फाट मोठी नाही, दुपारपर्यंत उरकेल.

२१ जानेवारी

पडदा अजून शिवतेच आहे. काल विचारलं तर म्हणे कापड जुनं, एक भोक बुजवलं की दुसरं सापडतं. सगळी भोकं नबीलालच्या खोक्याकडच्या बाजूलाच कशी, कोण जाणे. तोही दिवसा तिथंच बसलेला असतो, गोष्टीची तयारी करतो म्हणतो. आत्या कोपऱ्यात डुलकी काढते. मजुरी ठरवून द्यायला हवी होती.

गाडीमुळं भलतेच लोक येऊ लागलेत. एकानं विचारलं, धूर सुटा मिळतो का, भावकीतल्या एकाला द्यायचाय. मी म्हटलं, सरकारी परवाना लागतो. तो परवान्याची चौकशी करायला निघून गेला.

दुपारी एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. चाँदपाशा, अणदूरचा, ती पडदा शिवणारी याचीच मुलगी. मला वाटलं मजुरी मागायला आला. पण बसला आणि विचारत सुटला.

"शेटजी, त्यो गाडीवरचा माणूस, आदी किती उंच व्हता?"

"सहा फूट. वर दोन बोटं."

"आन आई-बाप?"

"बाप ताड, आई माड."

"भावंडं बी?"

"सगळी दारातून वाकून आत शिरतात."

"दारू-बिरू?"

"शिवत नाही." हे खरं होतं.

"निमाज?"

"चुकवत नाही." हेही खरं. अधूनमधून खरं बोललं की जोर येतो.

"तुमी पगार येळेवर देता का?"

आता पिक्चरचा आणि याचा काय संबंध? करमणूक कराच्या साहेबानंही मला इतकं खोदून विचारलं नव्हतं. पण गिऱ्हाईक आहे, दिलं उत्तर. मग म्हातारा जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आन म्होरं त्याला लेकरं झाली, तर ती?"

मी रंगात आलो होतो. म्हटलं, "ती मूळ मापाची. धूर अंगाला लागतो चाँदपाशाभाई, रक्ताला नाही."

त्यानं डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं, माझे दोन्ही हात हातात धरले आणि तिकीट न काढताच गेला. वेड एकेकाला कुठवर नेतं.

२४ जानेवारी, पौष पौर्णिमा

खंडोबाची यात्रा. भंडाऱ्यानं माणसं पिवळी, पडदा पिवळा, बोटभर माणसंही पिवळी. श्वास घ्यायला सवड नाही. तीन खेळ. झोपतो.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी तोंड धूत होतो. नबीलाल आला आणि समोर उभा राहिला.

"मालक, माज्या बापाला तुमी किती फुटाचं केलं?"

मला आधी उमगेना. मग उमगलं आणि हातातला तांब्या खाली ठेवावा लागला. नबीलालला ती पडदा शिवणारी मुलगी मनात भरली होती. उमानं कुलसुमबीकडं शब्द टाकला होता. चाँदपाशा माझ्याकडं आला तो पिक्चरचं विचारायला नव्हे. मुलाकडचं कुणी इथं नाही म्हणून मालकाकडं चौकशीला आला होता. आणि काल रात्री त्यानं होकार दिला. मुलगा धुरानं तसा झालाय, घराणं उंच आहे, नातवंडं उंच होतील, या भरवशावर.

माझ्या तंबूत, माझ्या बायकोनं, माझ्या माणसाचं लग्न जुळवलं, आणि कळायला मी शेवटचा. तेही बिघडवून झाल्यावर.

"माजा बाप माज्यावढाच व्हता," नबीलाल म्हणाला. "कळंबच्या आडतीत मालाचा पुकारा करायचा. त्याचा आवाज मला आलाय, उंची बी त्याचीच. तुमी त्याला ताड केलं."

मी म्हटलं, झालं ते झालं. आता गप्प राहा. निकाह उरकला की कोण मोजायला येतंय?

"ती यील की. रोज बघंल."

"मग तिलाच सांग."

"कसं सांगू? बोलणं झाल्यापासून ती पडद्यात. तिनं माज्या नजरंला पडायचं न्हाई, अशी चाल हाय आमची. रात्री बायकांत येऊन बसते ती चादर पांघरून. कोणती ती, ते बी कळत न्हाई."

"तीन-तीन दिवस शिवत बसली होती, तेव्हा काय बोलत होतास?"

"कापसाचं बोललो. कोंबडीचं बोललो. उंचीचं बोलायला धीर व्हत न्हाई मालक. तुमी हसत बोलता, तुमाला सोपं जातं." मग म्हणाला, "आता ती हो म्हणली ती कुणाला, मला का त्या सहा फुटाच्याला, ते मला ठावं न्हाई. ठावं झाल्याबिगर म्या निकाहाला उभा ऱ्हाणार न्हाई."

मी त्याला पुष्कळ समजावलं. जगात सगळीच लग्नं एकमेकांना दोन बोटं वाढवून सांगून होतात म्हटलं. माझ्या लग्नात माझी पन्नास एकर सांगितली होती. उमा तिथंच उभी होती. तिनं मला एवढंच सांगितलं, मराठीत, "तुमी आता बोलू नका."

रात्री अंथरुणावर विचार आला : खोटं सांगताना मला चाँदपाशाचा चेहरा दिसत होता की. माणूस जीव ओतून ऐकतोय, हे दिसत होतं. आणि त्याच्या ऐकण्यामुळंच मी वाढवत गेलो.

२७ जानेवारी, मंगळवार

शेवटचा खेळ. चाँदपाशाला मी सगळ्यांत पुढं खुर्ची दिली. गाडी आज काढली नाही. नबीलालनं सांगायच्या आधीच काढली नाही, हे इथं नोंदवतो, कारण दुसरीकडं कुठं नोंदवायला तोंड नाही.

खेळ रोजच्यासारखा चालला. कोंबडी झाली, कात्री झाली. शेवटच्या रिळात धुराचा अंमल उतरला, चौघं वाढायला लागली. इथं नबीलाल रोज चौघांच्या आनंदाचे आवाज काढतो. आज आवाज आला नाही. पडद्यावर माणसं वाढतायत आणि तंबूत नुसती मशीनची घरघर. मग भोंगा बोलला. कुणाचा आवाज काढलेला नव्हता. मी त्याचा स्वतःचा आवाज भोंग्यावर पहिल्यांदाच ऐकला.

"मंडळी, ही चौघं वाढली. चांगलं झालं. गाडीवर तुमी जो माणूस बघितला, त्यो वाढणार न्हाई. त्याला कुनी धूर दिला न्हाई. त्यो कळंबचा हाय. जनमला तसा हाय. त्याचा बाप बी तसाच व्हता. त्याची लेकरं कशी निपजतील, ते त्याला सांगता येत न्हाई. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं. ज्याला न्हाई म्हणायचं, त्यानं न्हाई म्हणावं. त्याचा राग न्हाई."

पुढच्या बाजूनं ओरडा सुरू झाला. पैसे परत, शेट लबाड, खुर्च्या मोडा. मी पळालो, आणि गडबडीत पडद्याच्या मागच्या बाजूला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पडद्यावर साहेब मडमला मिठी मारत होता, उलटा. एकही बाई तिकडं बघत नव्हती. सगळ्या पडद्याकडं पाठ करून खोक्याभोवती गोल बसल्या होत्या, लेकरं मांडीवर घेऊन. ही आजची बैठक नव्हती. गवतावर रोज बसून त्या गोलाचा ठसा पडला होता. इतके दिवस त्या हाच खेळ बघत होत्या. पुढं आम्हाला नुसता आवाज ऐकू येत होता. मागं हा माणूस साहेब होत होता, मडम होत होता, कोंबडी होत होता. खुर्चीवर चढायचं कसं, ते साहेबाला खोक्यावर चढून दाखवत होता. हसण्याचा लोंढा येत होता तो तिथला.

आता तो खोक्यावर मान खाली घालून बसला होता. मग चादर पांघरलेल्यांतून एक आवाज आला. चालीप्रमाणं तो यायला नको होता.

"पिक्चरमदली माणसं खुर्चीवर चढताना पडतात. तुमी रोज खोक्यावर चढता, एका हातात माईक, तोंडात पान, आन पडत न्हाई. चार दिसांत कुणाला येतं ते? जनमाची सवय हाय. आमी काय आंधळ्या हाव का?"

कुलसुमबी म्हणाली, "गप, बेशरम." पण ओरडून नाही म्हणाली.

नबीलालनं मान वर केली नाही. माईक बंद करायचा राहिला होता, म्हणून हे सगळं पुढं पुरुषांतही ऐकू गेलं. तिथला ओरडा थांबला. मी पुढं परत आलो तेव्हा चाँदपाशाची खुर्ची रिकामी होती.

२८ जानेवारी

सकाळी चाँदपाशाच्या पालावर गेलो. उमा म्हणाली मी येऊ का. म्हटलं नको, ही माझी घाण आहे. म्हातारा कापूस आवरत होता. बसा म्हणाला नाही. मी उभ्यानंच सांगितलं, मी खोटं बोललो, मुलाला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"ते कळलं," तो म्हणाला. "पोरगा सच्चा हाय, ते भोंग्यावर कळलं. तुमी कसले, ते बी कळलं. हे लगीन व्हणार न्हाई."

मी म्हटलं, मग नकार कशाला? मुलीची तर हरकत दिसत नाही.

त्यानं हातातला कापूस खाली ठेवला.

"शेटजी, मला उंचीचं भ्या न्हाई. माजी आई आंधळी व्हती, तिनं आमाला सहा जणांला वाढवलं. मला भ्या तुमचं हाय. उद्या माज्या नूरला लेकरू झालं, बापावानी झालं, तर तुमच्यासारका कुनी येतो आन त्याला गाडीवर बसवतो. गाव हसतं. म्या तवा जिता नसंल. मंग काय करायचं तिनं?"

धूर सोडणाऱ्या त्या शास्त्रज्ञाला शेवटी सगळे मिळून मानगुटीला धरतात. मला कुणी धरलं असतं तर बरं झालं असतं.

पालाच्या आतून बोलणं आलं.

"अब्बा, गाडीवर बसवणाऱ्याची गाठ आदी माज्याशी हाय. म्या गाडी उलटी करंन, बैलासकट. ह्या शेटला विचारा, त्यो परत बसवतो का ते."

चाँदपाशानं माझ्याकडं बघितलं. खरोखर विचारत होता.

"नाही," मी म्हटलं. एवढंच. बाप ताड आणि आई माड करणाऱ्या माझ्या तोंडातून दुसरा शब्द निघाला नाही.

म्हातारा पुन्हा कापसाकडं वळला. पाठ तशीच ठेवून म्हणाला, "दोन ठिकाणं हिनं मोडली. तिसरं म्या मोडलं तर घरात ऱ्हाऊ देणार न्हाई मला. त्याला म्हणावं, कळंबहून आईला घिऊन ये. आन शेटजी, चौकशीला आता आमी दुसऱ्या कुणाला तरी इचारू."

अणदूर, ८ फेब्रुवारी, रविवार

निकाह झाला. आम्हाला बोलावणं होतं. आमच्यासाठी शेजारच्या जंगमाच्या घरी वेगळा स्वयंपाक केला होता, त्यात कुणी कमी पडू दिलं नाही. नबीलालची आई आली होती, चांगली उंच बाई निघाली. माझ्या शंभर थापांत ही एक चुकून खरी लागली. कुणाला बोललो नाही.

वरातीला घोडा आणला होता. सजवलेला, झुली घातलेला. नबीलाल त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "न्हाई. चालत जाणार."

चाँदपाशाच्या भावकीतले म्हणाले, नवरदेव आणि चालत? लोक काय म्हणतील?

"वर बसून बगून झालं. लोक खालूनच बरे दिसतात."

मग वरात वेशीपासून चालत निघाली. बँडवाले सवयीनं पुढं सुटले, मागं वळून बघितलं तर मंडळी लांब. थांबले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. पावलं जुळेनात म्हणून शेवटी त्यांनी गाणंच संथ केलं. नबीलाल आपल्या पावलानं चालला होता, शेरवानीत, नजर समोर, आणि या वेळी रस्त्यातल्या प्रत्येकाशी बोलत. मी त्याच्या बाजूला होतो. माझी टांग लांब. दोनदा पुढं गेलो, दोनदा थांबून मागं आलो. त्यानंतर जमलं.